गोष्ट परत दिली, नदी नाही

१९८७ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक खटला उभा राहिला. गिट्क्सान आणि वेटसुवेटेन या दोन आदिवासी राष्ट्रांच्या परंपरागत प्रमुखांचं म्हणणं होतं की सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरचा मुलूख आमचा आहे, तो आम्ही कुणाला विकला नाही, कुणाशी करार करून दिला नाही, आणि लढाईत हरलोही नाही. साक्षीसाठी मेरी जॉन्सन नावाच्या वयोवृद्ध गिट्क्सान प्रमुख उभ्या राहिल्या. आपल्या घराण्याचा इतिहास सांगता सांगता त्या एका ठिकाणी थांबल्या. इथे शोकगीत येतं, ते म्हटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती ॲलन मॅकइचर्न यांना ते पटेना. शब्द लिहून दिले तर चालणार नाही का, असा त्यांचा सूर होता. कोर्टात गाणं म्हणणं ही काही पुरावा देण्याची रीत नव्हे, शिवाय आपल्याला सुरांचं अंग नाही, आपले कान पत्र्याचे आहेत, असंही ते म्हणाले. बाईंनी तरीही गाणं म्हटलं.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला न्यायमूर्तींचा राग आला होता. पुढे जसजसं या विषयावर वाचत गेलो तसं वाटू लागलं की तो राग अपुरा आहे. एका माणसाला सूर कळले नाहीत, एवढ्यावर हे संपत नाही. त्या गाण्याचा जमिनीशी आणि ताटातल्या अन्नाशी काय संबंध आहे हे शंभर वर्षं राज्य करणाऱ्यांना चांगलंच कळलेलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी त्यावर घाव घातला. आज जे सलोख्याच्या, सन्मानाच्या गोष्टी करतात त्यांना मात्र तो संबंध दिसत नाही, किंवा पाहायचा नाही. माझं भांडण या दुसऱ्या मंडळींशी आहे.

आधी तो संबंध काय आहे ते पाहू. गिट्क्सान घराण्यांच्या या इतिहासाला आदावक म्हणतात. पूर्वज कुठून आले, कुठल्या डोंगराखाली त्यांच्यावर काय संकट आलं, नदीच्या कुठल्या वळणावर मासे धरायची जागा कुणाला मिळाली, ती कुणाकडून कुणाकडे गेली, हे सगळं त्यात असतं. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो, वंशावळ आणि कुळाचार हे तिन्ही एकाच कथनात गुंफलेले असावेत, तसं काहीसं. हा इतिहास मोठ्या जेवणाच्या वेळी चारचौघांत सांगितला जातो. माणूस गेला, त्याचं नाव पुढच्याला द्यायचं आहे, तर पंगत बसते. इतर कुळांचे प्रमुख मानानुसार आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. वाढलेलं मांस आणि मासे यजमानाच्या कुठल्या भूमीतले आहेत ते बोलून दाखवलं जातं. पाहुणे जेवतात, ऐकतात, भेटी स्वीकारतात. भेट घेतली म्हणजे साक्षीदार झालात. उद्या कुणी चुकीचं सांगू लागला तर टोकायची जबाबदारी तुमची. म्हणजे गोष्ट खरी ठरते ती पंगतीत, पंगत उभी राहते त्या भूमीतल्या अन्नावर, आणि भूमी आपली ठरते ती गोष्टीमुळे. एक धागा ओढला की तिन्ही निघतात.

किनाऱ्यावरच्या अनेक राष्ट्रांत या समारंभाला पॉटलॅच म्हणतात. कॅनडाच्या सरकारने ‘इंडियन’ म्हणजे तिथल्या आदिवासींसाठीच्या कायद्यात, इंडियन कायद्यात, दुरुस्ती करून १८८५ पासून पॉटलॅच हा गुन्हा ठरवला आणि ही बंदी १९५१ पर्यंत पुस्तकात राहिली. १९२१ च्या नाताळात व्हिलेज आयलंड नावाच्या बेटावर क्वाक्वाकावाक्व लोकांनी मोठा पॉटलॅच केला. सरकारी एजंटाला बातमी लागली. ४५ जणांवर खटले भरले गेले. आरोपांची यादी वाचताना अंगावर काटा येतो. भाषण करणं, नाचणं, वाटायच्या वस्तू मांडून ठेवणं, भेटी पाहुण्यांपर्यंत नेऊन देणं. पाहुण्याच्या हातात वस्तू नेऊन ठेवली म्हणून तुरुंग! वीस जणांना व्हँकुव्हरजवळच्या ओकाला तुरुंगात पाठवलं, बाकीच्या बहुतेकांना शिक्षा स्थगित ठेवून सोडलं. सुटकेची अट अशी की गावागावांनी आपले मुखवटे, तांब्याचे मानाचे पत्रे, खुळखुळे, सगळी समारंभाची सामग्री सरकारच्या हवाली करावी. ती गेली संग्रहालयांत, काही थेट न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाकडे.

यात सगळंच सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. त्या किनाऱ्यावरच्या समाजांत मोठी उतरंड होती, युद्धात धरलेल्या माणसांना गुलाम म्हणून राबवलं जात होतं. हे लपवून केलेलं कौतुक त्या लोकांच्याही कामाचं नाही. पण बंदी काही गुलामांच्या कळवळ्याने आली नव्हती. जो समाज साठवण्यापेक्षा वाटण्याला मोठेपणा मानतो तो पगारावर राबणारा, खासगी मालकी मानणारा कसा होणार, ही मिशनऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची तक्रार होती.

आता दुसरा धागा. १८८८ च्या मत्स्यनियमांनी ठरवलं की आदिवासींनी मासे धरावेत ते फक्त खाण्यापुरते. विकायचे नाहीत, बदल्यात द्यायचे नाहीत. ज्या नद्यांच्या काठी माशांच्या देवघेवीवर डोंगरापलीकडचे व्यवहार चालत होते तिथे एका ओळीने व्यापारी लोक मजूर झाले. त्याच सुमारास नद्यांच्या मुखाशी सॅमन डबाबंद करणारे कारखाने वाढत होते. याच प्रांतातल्या बॅबाइन सरोवरातून निघणाऱ्या नदीवर तिथल्या लोकांचे लाकडी बांध होते. बांध म्हणजे पाणी अडवणारी भिंत नव्हे. नदीच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत खांब ठोकून त्यांत कामट्यांचे ताटवे बसवायचे, अधूनमधून सापळे ठेवायचे. पाणी वाहत राहतं, मासा थांबतो. हवा तो काढून घ्यायचा, पुरेसा झाला की ताटवे उचलायचे, उरलेला मासा वर अंडी घालायला जातो. किती काढायचा आणि कधी उघडायचं हे ठरवणारी माणसं ठरलेली होती. १९०५-०६ च्या सुमारास मत्स्यखात्याने हे बांध मोडायला लावले, कारण काय, तर त्यामुळे सॅमनचा नाश होतो! मुखाशी कारखान्यांसाठी जाळी लावून बसलेल्यांवर असा ठपका आला नाही. बांध गेला तेव्हा नुसतं मासे धरण्याचं साधन गेलं नाही. तो कधी उघडायचा हे सांगण्याचा अधिकार ज्या नावाबरोबर येत होता, त्या नावाला करायला काही उरलं नाही.

माळरानावर हेच रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनांच्या बाबतीत झालं. उत्तर अमेरिकेत कोट्यवधींनी असलेले बायसन १८८० च्या दशकाअखेर हजाराच्या आसपास उरले. कातड्यांचा व्यापार, रेल्वे, आणि अमेरिकन लष्करातल्या काहींना ते हवंच होतं. कॅनडाच्या बाजूला उपासमार सुरू झाली तेव्हा शिधा सरकारच्या गोदामांत होता. पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनल्ड यांनी १८८२ मध्ये संसदेत सांगितलं की खर्च कमी व्हावा म्हणून आमचे एजंट लोक उपासमारीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत अन्न देत नाहीत. विरोधकांनी उधळपट्टीचा आरोप केला होता, त्याला दिलेलं हे उत्तर होतं.

आणि मग शाळा. याच्याबद्दल गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलं निवासी शाळांत गेली, १९२० पासून सक्तीने, आणि शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चं दशक सरत आलं. भाषा बोलली म्हणून मार, केस कापणं, अत्याचार, बेनाम कबरी, हे आता जगाला माहीत आहे. मला त्यातल्या दोन गोष्टींजवळ थांबायचं आहे.

पहिली, गोष्ट सांगण्याच्या ऋतूची. महासरोवरांच्या परिसरातल्या अनिशिनाबे लोकांत पवित्र कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या, जमिनीवर बर्फ असताना. तसा दंडक आणखीही अनेक राष्ट्रांत आहे. उन्हाळा मासे, कंदमुळं, बोरं गोळा करण्याचा. हिवाळा शेकोटीचा, साठवलेलं खाण्याचा आणि ऐकण्याचा. आता शाळेचं वर्ष आठवा. सप्टेंबरात मूल घरातून जायचं आणि ज्याचं नशीब बरं ते जूनअखेर सुट्टीला घरी यायचं. आजी घरी, नातू घरी, पण ऋतू गोष्टीचा नाही. दहा-दहा वर्षं एकही हिवाळा त्यातल्या कित्येक मुलांना घरी मिळाला नाही. शाळेचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं असा पुरावा माझ्याजवळ नाही, तसा माझा दावाही नाही. पण वाचता वाचता हे जुळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

दुसरी गोष्ट ताटाची. १९४८ ते १९५२ या काळात सहा निवासी शाळांत सुमारे हजार मुलांवर सरकारी आहारतज्ज्ञांनी प्रयोग केले. मुलं उपाशी आहेत हे आधीच्या पाहणीत त्यांना कळलेलं होतं. उपाशी मुलं आयती हाताशी आहेत तर जीवनसत्त्वांचा अभ्यास करू, असं ठरलं. एका शाळेत दोन वर्षं दूध शिफारशीच्या निम्म्याहून कमी ठेवलं, म्हणजे नंतर वाढवल्यावर फरक मोजता येईल. दुसऱ्या एका शाळेत विशेष मिश्रणाचं पीठ खायला घातलं, तर मुलांमधला रक्तक्षय वाढला. हिरड्यांवरचा परिणाम नीट दिसावा म्हणून दातांचे उपचार रोखून धरले. आईबापांना विचारलं नाही. हे सगळं लोकांसमोर आलं ते २०१३ मध्ये, एका इतिहासकाराच्या संशोधनातून. त्या मुलांच्या घरी मासे होते, हरणाचं मांस होतं, बोरं होती. सरकारी कागदांत मात्र त्यांचा आहार हा अडाणीपणाचा प्रश्न म्हणून नोंदला गेला.

तळलेल्या भाकरीची कथा याच माळेतली. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नवाहो लोकांना १८६४ मध्ये त्यांची शेतं आणि पीचच्या बागा जाळून-तोडून शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. तिथे शिध्यात पीठ मिळायचं, चरबी, साखर, मीठ. त्यातून बायकांनी जे करता येईल ते केलं. आज ती तळलेली भाकरी मेळाव्यात, लग्नात, सगळीकडे असते, आणि मधुमेहाच्या चर्चेत तिच्याकडे बोट दाखवलं जातं. काही आदिवासी आचारी तिला ताटातून काढा म्हणतात, काही म्हणतात आमच्या आज्या तिच्यावर जगल्या. मला दोघांचंही म्हणणं समजतं. बाहेरच्यांनी मात्र तिच्यावर पौष्टिकतेचे धडे देऊ नयेत.

आता आज काय चाललंय ते. मुखवटे परत आले. अलर्ट बे इथे १९८० मध्ये उमिस्ता हे क्वाक्वाकावाक्व लोकांचं सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं. धरून नेलेली माणसं परत येतात त्याला क्वाकवाला भाषेत उमिस्ता म्हणतात. कॅनडात २०२१ पासून ३० सप्टेंबरला सत्य आणि सलोखा दिनाची राष्ट्रीय सुट्टी असते. सभेच्या, विद्यापीठातल्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण अमुक राष्ट्राच्या भूमीवर जमलो आहोत असं निवेदन वाचलं जातं. आदिवासी पाककृतींची उपाहारगृहं निघाली, कथाकथनाचे महोत्सव होतात. यातलं काहीच खोटं नाही. पन्नास वर्षं त्यासाठी माणसं झगडली, त्यांचा मला आदर आहे. पण नीट पाहिलं तर परत दिलेल्या वस्तूंमध्ये एक साम्य दिसतं. ज्या दिल्याने कुणाचा परवाना, कुणाची खाण, कुणाची पाइपलाइन अडत नाही, त्या दिल्या. गोष्ट दिली, पाककृती दिली. नदी दिली नाही.

याला प्रत्युत्तरं आहेत. पहिलं म्हणजे तोंडी इतिहासावर मालकी कशी ठरवायची? सांगणाऱ्यागणिक तो बदलतो. याला जॉन फ्रँकलिन या ब्रिटिश दर्यावर्दीच्या जहाजांचं उत्तर मला पुरेसं वाटतं. १८४५ मध्ये आर्क्टिकमध्ये गेलेली ती दोन ब्रिटिश जहाजं नाहीशी झाली. १८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाने आर्क्टिकमधल्या इन्युइट या आदिवासी लोकांकडून ऐकलेलं लंडनला कळवलं. खलाशी उपासमारीने मेले, शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकात लेख लिहून हे रानटी लोकांचं बोलणं म्हणून उडवून लावलं. सापडलेल्या हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी इन्युइट खरे ठरले, आणि २०१४ मध्ये त्या दोनांपैकी एरेबस हे जहाज सापडलं तेही ज्या भागात बुडाल्याचं इन्युइट पिढ्यानपिढ्या सांगत आले त्याच भागात. लेखी म्हणजे खरं आणि तोंडी म्हणजे कच्चं, हे मोजमाप घेऊन लंडनने दीडशे वर्षं वाया घालवली. मेरी जॉन्सन यांच्या आदावकातही सरोवरातून उठून ओढ्याच्या वाटेने सगळं उद्ध्वस्त करत गेलेल्या अजस्र अस्वलाची कथा आहे. त्याच परिसरात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी मोठी दरड कोसळल्याचा पुरावा भूशास्त्रज्ञांनी कोर्टापुढे ठेवला होता. न्यायमूर्तींनी तोही पुरेसा मानला नाही, आणि १९९१ च्या निकालात दावा फेटाळला.

दुसरं प्रत्युत्तर जास्त जड आहे. आदिवासींमध्येच एकमत नाही, मग बाहेरच्याने नदी कुणाच्या हाती द्यायची? कोस्टल गॅसलिंक या ६७० किलोमीटरच्या वायुवाहिनीच्या वेळी हेच झालं. मार्गावरच्या वीस निवडून आलेल्या आदिवासी परिषदांनी कंपनीशी करार केले. रोजगार हवा होता, घरं हवी होती, आणि गरिबीत राहणाऱ्यांनी पैसा नाकारावा असं सांगायचा अधिकार मला नाही. वेटसुवेटेनच्या परंपरागत प्रमुखांनी मात्र विरोध केला, आणि २०१९ पासून पोलिसांनी तीनदा मोठ्या कारवाया करून त्यांचे तळ उठवले. पण हे दुमत आलं कुठून तेही पाहायला हवं. निवडून येणाऱ्या परिषदा इंडियन कायद्याने घडवल्या, त्यांचा कारभार मुख्यतः राखीव वस्त्यांपुरता. राखीव वस्त्यांबाहेरच्या मुलखाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला तो परंपरागत प्रमुखांनी. ज्या पंगतीत असा वाद पूर्वी मिटला असता तीच ६६ वर्षं गुन्हा होती. आधी घरातला न्यायनिवाडा मोडायचा आणि मग घरात भांडण आहे म्हणून किल्ल्या आपल्याच खिशात ठेवायच्या, हे मला मान्य नाही.

त्या खटल्याचं पुढे काय झालं? ११ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकइचर्न यांचा निकाल रद्द केला. तोंडी इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने स्थान द्यायला हवं, असं सांगितलं. जगभरच्या आदिवासी चळवळींनी या निकालाचा आधार घेतला आहे. पण भूमी कुणाची हे न्यायालयाने त्या दिवशी ठरवलं नाही. नव्याने सुनावणी घ्या म्हणाले. ती सुनावणी कधीच झाली नाही. म्हणजे गाणं पुरावा म्हणून दाखल झालं, आणि ज्यासाठी म्हटलं होतं तो मुलूख अजून अनिर्णित आहे. त्याच मुलखातल्या एका नदीचं वेटसुवेटेन नाव वेड्झिन क्वा. गॅसची वाहिनी आज तिच्या तळाखालून गेलेली आहे.

हे होणारच नव्हतं असं नाही. २०१४ मध्ये त्सिल्कोटिन राष्ट्राला त्याच न्यायालयाने सुमारे १,७०० चौरस किलोमीटरची मालकी मान्य केली. कॅनडात असं पहिल्यांदाच झालं, आणि त्यानंतर प्रांत काही कोसळला नाही.

मला सगळ्यांत जास्त बोलकं वाटतं ते मनूमिनचं उदाहरण. मनूमिन म्हणजे उथळ तळ्यांत आपोआप उगवणारं धान्य. बाजारात त्याला वाइल्ड राइस म्हणतात. अनिशिनाबे लोक पूर्वेच्या समुद्राकडून महासरोवरांकडे आले ते पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा या भाकितामुळे, असं त्यांची स्थलांतराची कथा सांगते. ऑगस्ट संपता संपता दोघं दोघं लांबट होडीतून निघतात. एक उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा बसून दोन हलक्या काठ्या वापरतो. एकीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने लोंबीवर नुसती टिचकी मारल्यासारखी थाप द्यायची. पिकलेला दाणा तेवढा होडीत पडतो. कच्चा ताटाला राहतो, पुन्हा काही दिवसांनी येता येतं. काही दाणे पाण्यात सांडतात, ते पुढच्या वर्षीचं बियाणं. जोरात मारलं तर ताट मोडतं, म्हणून पोरांना आधी हात हलका करायला शिकवतात. मग वाळवणं, कढईत भाजणं, मऊ पादत्राणं घालून तुडवणं, बर्चच्या सालीच्या सुपात पाखडणं. तुडवणारा म्हणे नाचतोच, एका लयीत.

या धान्याचा हक्क अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३७ च्या करारात शब्दशः लिहिलेला आहे. शिकार, मासेमारी आणि वाइल्ड राइस गोळा करणं, असा. तळ्यातलं सल्फेट वाढलं तर ते मरतं. म्हणून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९७३ पासून मर्यादा आहे, लिटरला १० मिलिग्रॅम. ती वर्षानुवर्षं नीट अंमलात आली नाही, कारण वरच्या बाजूला खाणी आहेत. २०१८ मध्ये व्हाइट अर्थ या अनिशिनाबे राष्ट्राने मनूमिनलाच कायद्याने हक्क दिले, स्वच्छ पाण्याचा, वाढण्याचा. २०२१ मध्ये एका तेलवाहिनीच्या कामासाठी भूजल उपसायला परवानगी देणाऱ्या राज्याच्या खात्याविरुद्ध खटला दाखल झाला आणि पहिला वादी होता मनूमिन. पुढच्या वर्षी व्हाइट अर्थच्याच अपील न्यायालयाला तो काढून टाकावा लागला. राखीव क्षेत्राच्या बाहेर, बाहेरच्यांनी केलेल्या कृतीवर आमचा अधिकार चालत नाही, असं त्यांना म्हणावं लागलं. पाणी मात्र ती हद्द ओळखत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती समारंभांबद्दल नाही. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला तेव्हा १४४ देश बाजूने होते आणि चारच विरोधात: कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चौघांनीही नंतर त्याला पाठिंबा दिला. त्यात आगाऊ, मोकळेपणाने आणि माहिती घेऊन दिलेल्या संमतीचं तत्त्व आहे. संमती या शब्दात नकार धरलेला असतो. सल्लामसलत केली, ऐकून घेतलं, नोंद घेतली, याला संमती म्हणत नाहीत. किती मासा धरायचा, पाण्यात काय सोडायचं, कुठून नळ जाणार, यावर नाही म्हणण्याची सत्ता त्या त्या राष्ट्राला हवी, आणि त्यांच्यातला वाद त्यांच्या पंगतीत मिटायला लागेल तेवढा वेळ हवा.

तोवर सभेच्या सुरुवातीचं ते निवेदन वाचायचं असेल तर वाचावं. त्यात एक ओळ वाढवावी: या नदीतले मासे यंदा कुणी आणि किती धरायचे, हे कोण ठरवतं.